खोली नंबर एकतीसची फाईल

लोअर परळच्या त्या ऑफिसात हितेंद्र घाडी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी जायचा. काम म्हटलं तर फुटकळ. सर्व्हरच्या खोलीतला एसी नीट गार करतोय ना बघायचं, पंख्यांतली धूळ ब्लोअरने उडवायची, यूपीएसची बॅटरी तपासायची आणि ऑफिस सांभाळणाऱ्या शेफालीकडून कागदावर सही घ्यायची. सही झाली की कँटीनचा चहा. पूर्वी तिथे गिरणीचं गोदाम होतं, आता काचेची इमारत होती, आणि चौथ्या मजल्यावर बिल्डरचं ऑफिस. करी रोडची खिमजी चाळ पाडून टॉवर बांधणारा बिल्डर तो हाच. हितेंद्र त्या चाळीतच जन्मला, तिसरा मजला, खोली नंबर एकतीस. आपलं घर पाडणाऱ्यांच्या मशीनची धूळ झटकताना त्याला काही वाटत नसे. पोटासाठी करतोय, त्यात लाज कसली, म्हणायचा. बरोबरच आहे. लाज वाटावी अशी गोष्ट त्याने वेगळीच केली होती, आणि तिचीही त्याला वाटत नव्हती.

सर्व्हरची खोली म्हणजे दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढी. त्यात चार कप्प्यांची एक काळी पेटी, चार कप्प्यांत चार डिस्क, प्रत्येकीपुढे एक हिरवा दिवा. या चार डिस्क एकमेकींना धरून असतात. माल, म्हणजे फाइली, चौघींत वाटून ठेवलेला, आणि त्याबरोबर एक आकडेमोडही चौघींत वाटलेली. एखादी मेली तर उरलेल्या तिघी आपापल्याजवळचं पुढे करतात आणि मेलेलीत काय होतं ते त्यावरून अक्षर न अक्षर काढतात. मग जागेवर नवी कोरी डिस्क घातली की तिच्यावर ते सगळं पुन्हा लिहितात. याला रीबिल्ड म्हणतात. मात्र एक मेलेली असताना दुसरी गेली की खेळ खलास. दोघींकडून काही निघत नाही. म्हणून या पेटीवर विसंबू नका, दुसरीकडे कॉपी ठेवा, असं हितेंद्र अठरा वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता. इथे मात्र त्याने ते कधी सांगितलं नाही.

पेटीत चाळीचा सर्व्हे होता. तीन वर्षांपूर्वी, चाळ रिकामी करायच्या आधी, एक माणूस कॅमेरा घेऊन दारोदार फिरला. प्रत्येक बिऱ्हाडाने आपल्या दारापुढे उभं राहायचं, हातात खोलीच्या नंबरची पाटी धरायची आणि घरात कोण कोण राहतं ते बोलायचं. चौऱ्याऐंशी खोल्या, चौऱ्याऐंशी फाइली. एकतीसची फाईल सत्तेचाळीस सेकंदांची होती. तिच्यात कुशाबा घाडी, हितेंद्रचे वडील, पाटी उलटी धरून उभे होते. मागून अंबिकाने ती सरळ केली. मग ते म्हणाले, "ही माजी मुलगी, अंबिका. हीच माज्याकडे रवता. खोली हिचीच आसा."

अंबिका हितेंद्रची मोठी बहीण. नवऱ्याने सोडल्यावर परत आली ती बारा वर्षं त्याच खोलीत राहिली. परळच्या एका हॉस्पिटलात आया होती. सात ते तीन ड्यूटी, आणि उरलेला सगळा दिवस आधी आईचं आणि मग बाबांचं अंथरूण. रेशनकार्डावर तिचं नाव अजून सासरच्या पत्त्यावर होतं. आधार तिथलं, मतदान तिथलं. ती बारा वर्षं एकतीसमध्ये राहिली याचा कागद म्हणून कुठे नव्हताच. चाळवाले सांगायला तयार होते, पण तोंडी साक्षीला कोण विचारतो. होता तो एवढा व्हिडिओ.

आणि हितेंद्रकडे कागद होता. कुशाबा घाडी यांनी खोलीचा हक्क मुलाला दिला, असं लिहिलेला, खाली अंगठा. बाबा मागच्या वर्षी एप्रिलमध्ये गेले, कागदावरची तारीख मार्चची होती. कल्याणला त्याचं स्वतःचं घर होतं, बायको नोकरी करत होती, खायला कमी नव्हतं. पण करी रोडला टॉवरमध्ये तेविसाव्या मजल्यावर घर म्हटल्यावर माणसाची नियत फिरते. बहीण कुठे जाईल, हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नाही असं नाही. आला, आणि त्याने तो बाजूला सारला. बाई माणूस, एकटी, हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये सोय होईल, असं त्याने ठरवून टाकलं.

जूनमध्ये पेटीतली एक डिस्क गेली. शेफालीने फोन केला. हितेंद्र पोचला तेव्हा स्क्रीनवर लिहून आलं होतं की डिस्क दोन नादुरुस्त. आता यात एक गंमत असते. मशीन शून्यापासून मोजतं. त्यामुळे डिस्क दोन म्हणजे तिसऱ्या कप्प्यातली. नवशिका हमखास दुसऱ्या कप्प्यातली, चांगली चालणारी डिस्क उपसतो आणि सगळं घालवून बसतो. हितेंद्रने ही चूक करणारे किती तरी जण पाहिले होते, दोघांना शिव्याही घातल्या होत्या. त्या दिवशी तो पेटीपुढे मिनिटभर उभा राहिला. मग त्याने दुसरा कप्पा उघडला आणि ती डिस्क बाहेर ओढली.

पेटी केकाटायला लागली. त्याने आवाज बंद केला. एवढ्यावर थांबला असता तर ती डिस्क परत आत सारून काहीतरी हाती लागलं असतं. त्याने मेलेलीच्या जागी नवी घातली, चारही डिस्क पुसल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं लिहिली, आणि पेटी कोरी करून ठेवली. मग बाहेर येऊन पुनर्वसनाचं काम बघणाऱ्या हेमचंद्र राऊतांना म्हणाला, "सर, चूक झाली माझी. डिस्क दोन म्हणून दुसरी काढली."

राऊत वैतागले, पण फार नाही. बाकी त्र्याऐंशी खोल्यांची कागदपत्रं धड होती, वाद एकाच खोलीचा. "तुमच्याच खोलीचा ना हो वाद?" त्यांनी विचारलं. हितेंद्रने मान खाली घातली. राऊतांनी ती मान वेगळ्याच अर्थाने घेतली आणि त्याला चहा मागवला.

अंबिकाला त्याने फोनवर सांगितलं.

"जाऊं दे," ती म्हणाली. "तू काय मुद्दाम केलंस?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जेवलंस काय?" तिने विचारलं.

जेवलो म्हणून त्याने फोन ठेवला. अशी बहीण असूनही ज्याला पाझर फुटत नाही, त्याला काय म्हणावं?

आठ दिवसांनी शेफालीचा फोन आला. ही वरळी कोळीवाड्याची, बोलायला तडफदार. "सर, भारी काम केलंत हां तुम्ही. म्हणालात काहीच निघणार नाही, आणि बघा, एक फाईल आली परत."

"कुठली फाईल?"

"एकतीस. तुमचीच की. मी राऊत सरांना सांगून पण टाकलं. ते म्हणाले, बरं झालं, बारा ऑगस्टच्या सुनावणीत लावू."

हितेंद्र टॅक्सी सोडून उरलेलं अंतर धावतच गेला. पेटीच्या स्क्रीनवर रीबिल्ड चालू होतं, अकरा टक्के. ते कुणी सुरू केलं होतं? त्याने केलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाकडे पासवर्ड नव्हता. शिवाय रीबिल्ड व्हायला आधीचं काहीतरी असावं लागतं. इथे तर चारही डिस्क पुसलेल्या. पण कोऱ्या जागेत एक फाईल दिसत होती, नाव एकतीस, लांबी सत्तेचाळीस सेकंद. त्याने ती चालवली. तेच दार, तीच उलटी पाटी. खोली हिचीच आसा. त्याने फाईल उडवली, डिस्क पुन्हा पुसल्या, आणि शेफालीला म्हणाला, "करप्ट आहे ती. परत दिसली तर हात लावू नको."

"चालत होती की सर चांगली."

"सांगितलं ना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने कधी तिच्यावर आवाज चढवला नव्हता.

जुलैच्या मंगळवारी तो गेला तेव्हा अडतीस टक्के झालं होतं. फाईल परत आली होती आणि आता ती नऊ मिनिटांची होती. त्याने खोलीचं दार आतून लावलं, आवाज बारीक केला आणि बघायला बसला. पहिली सत्तेचाळीस सेकंदं तीच. नंतर बाबा आणि अंबिका दारातून बाजूला झाले आणि चित्र आत शिरलं.

सर्व्हेवाला त्या दिवशी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. त्याच्या पायात बूट होते म्हणून अंबिकानेच त्याला बाहेर थांबवलं होतं, हे हितेंद्रने तिच्याच तोंडून ऐकलेलं. तरी चित्र आत गेलं, आणि पोटमाळ्याच्या उंचीवर जाऊन थांबलं. खाली मोरी, पिंप, भांड्यांची फळी, बाबांची खाट. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं.

सर्व्हे झाला तेव्हा ते मशीन घरात नव्हतं. ते नंतर दीड वर्षाने आलं, डॉक्टरांनी सांगितल्यावर. अंबिका बाबांना चमच्याने पेज भरवत होती. एक चमचा, तोंड पुसणं, पुन्हा एक चमचा. कोपऱ्यात तारीख होती, मागच्या वर्षीची, फेब्रुवारीतली.

त्या खोलीत कॅमेरा नव्हता. चाळीतच कुठे नव्हता.

त्याने चारही डिस्क काढून पिशवीत घातल्या, त्यांच्या जागी नव्या घातल्या, पाकीट स्वतः फोडून. जुन्या कल्याणला नेऊन लॅपटॉपला लावल्या आणि दोन दिवस खपून तपासल्या. शून्यं. एकही अक्षर नाही, सगळीकडे शून्यं. तिसऱ्या दिवशी शेफालीचा मेसेज आला. सर, चौऱ्याहत्तर टक्के. फाईल मोठी होतेय.

आता त्याला झोप लागेना. फेब्रुवारी गेला, म्हणजे पुढे मार्च येणार, आणि मग एप्रिल. एकोणीस एप्रिल.

त्या दिवसाचं आता सांगून टाकावं. बाबांना एकटं ठेवता येत नव्हतं. रोज अंबिका ड्यूटीवर गेली की शेजारच्या मीराबाई लक्ष ठेवायच्या. अडीचच्या सुमाराला आत येऊन पाणी पाजायच्या. चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही, त्यामुळे जाता येता चार माणसं डोकावत. त्या दिवशी हितेंद्र आला होता, रजा काढून. बहिणीला बरं वाटलं. दोनच्या सुमाराला बाबांची छाती हलायची थांबली. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. हितेंद्रने दोनदा हाक मारली. नाडी बघितली नाही, बघता येत नव्हती. कुणाला बोलावलं नाही. त्याच्या बॅगेत तो कागद महिनाभर पडून होता, आणि बाबांनी सही करायला तीनदा नकार दिला होता. त्याने कागद काढला, शाईचं पॅड काढलं, बाबांचा अंगठा धरला आणि उठवला.

मग दार ओढून घेतलं. मीराबाई गॅलरीत तांदूळ निवडत होत्या. "बाबांचा डोळा लागलाय, उठवू नका," म्हणाला. खाली उतरला, भोईवाड्याला एका ओळखीच्याकडे गेला, साक्षीदाराची सही घेतली, आणि परत येऊन तीन वीसला अंबिकाला फोन केला. ताई, बाबा गेले गं. आणि तो खरंच रडला. रडणं खोटं नव्हतं, तेवढं त्याच्या पदरात घालायला हवं.

आतापर्यंत तो स्वतःला एकच गोष्ट सांगत आला होता. मेलेल्या माणसाचा अंगठा घेतला, बस्स. मेलेल्याला काय कळतंय? आणि जिवंत माणसाचं त्यात काय बिघडलं?

बारा ऑगस्टला सकाळी तो सगळ्यांच्या आधी पोचला. स्क्रीनवर शंभर टक्के. त्याने पेटीची वायर काढली, चारही डिस्क उपसल्या, पिशवीत टाकल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन मीटिंगच्या खोलीत जाऊन बसला.

अकराला सरकारी अधिकारी आले, राऊत आले. अंबिका ड्यूटी बदलून आली होती. त्याच्या शेजारचीच खुर्ची घेतली तिने. "बारीक झालंस रे," एवढंच म्हणाली.

अधिकाऱ्यांनी कागद वाचला. "अंगठा वडिलांचाच?"

"हो सर," हितेंद्र म्हणाला.

"बाईंचं काय म्हणणं?"

"तो म्हणता तर असेल," अंबिका म्हणाली. "पण बाबा मला तसं कधी बोलले नाहीत. व्हिडिओत बोललेत ते वेगळं आहे."

"व्हिडिओ मिळालाय ना?"

"नाही सर," हितेंद्र घाईने म्हणाला. "मशीन बंद आहे. काही दिसणार नाही."

"दिसतंय की," शेफाली म्हणाली. तिने भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट केलं. फाईल होती. एकतीस. लांबी एक तास वीस मिनिटं.

मांडीवरची पिशवी गरम लागत होती. हितेंद्रने हात ठेवून पाहिला. आत चारही डिस्क फिरत होत्या.

शेफालीने फाईल लावली.

या वेळी दार नव्हतं, पाटी नव्हती. थेट खोली. कोपऱ्यात एकोणीस एप्रिल, दुपारचे दोन.

खाट. मशीनची घुरघुर. स्टुलावर बसलेला हितेंद्र, मोबाईल बघत.

दोन वाजून दोन मिनिटांनी त्याने मान वर केली. बाबा, म्हणाला. पुन्हा एकदा, बाबा.

दोन वाजून तीन मिनिटांनी त्याने बॅग उघडली.

पडद्यावर त्याने अंगठा धरला, पॅडवर टेकवला, कागदावर दाबला. कागदावर फुंकर घातली. मशीनचं बटण बंद केलं. ते त्याने केलं होतं, हे तो पार विसरून गेला होता. दोन वाजून पाच मिनिटांनी तो उठला. दार ओढल्याचा आवाज आला. बाहेरून त्याचाच आवाज, उठवू नका.

राऊतांनी घसा खाकरला. अधिकाऱ्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्यावरचा हात काढून घेतला.

"बंद करा," हितेंद्र म्हणाला. निदान त्याला तसं वाटलं. तोंडातून आवाज फुटला की नाही, कळायला मार्ग नव्हता.

खोली तशीच. खाट तशीच.

दोन वाजून आठ मिनिटांनी बाबांचा हात हलला.

हळूच हलला. अंगठा चादरीवर आला, चादरीला घासला गेला. पुन्हा एकदा. शाई निघेपर्यंत ते पुसत राहिले. मग त्यांनी मान दाराकडे वळवली आणि डोळे उघडे ठेवून बघत राहिले.

अंबिकाने टीव्हीवरची नजर काढली नाही.

"दार का ओढलंस रे?" ती म्हणाली.

बाबा दाराकडेच बघत होते. खालच्या पट्टीवर फाईल अजून एक तास बारा मिनिटं बाकी दिसत होती, आणि बंद कर असं शेफालीला कुणी म्हणालं नाही.